गोळी पुढे कोठे जाईल?

बॅगाटेलचा फळा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? एका टोकाला गोलाई दिलेला लाकडी फळा, त्यावर ठोकलेले बारीक खिळे, खिळ्यांच्या कुंपणात आकडे लिहिलेले खळगे आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढून सोडला की गोटी कडेकडेने वर चढते, वळते आणि खिळ्यांवर टणटण आपटत खाली येते. आमच्या अलिबाग-चौलकडे मे महिन्याच्या दुपारी वडीलधारी मंडळी आडवी झाली की पडवीत हा फळा निघे. त्या टणटणाटापायी बोलणीही खावी लागत!

या फळ्याचे एक थोरले, विजेवर चालणारे भावंड आहे. त्याचे नाव पिनबॉल. अमेरिकेतील माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ साली बॅगाटेलमधील सुधारणांचे एकस्व घेतले. त्यात स्प्रिंगचा दट्ट्या होता. पुढे १९३१ मध्ये शिकागोच्या गॉटलिब कंपनीने ‘बॅफल बॉल’ नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र काढले आणि ते अफाट खपले. तेव्हापासून शिकागो हे या यंत्रांचे माहेरघर बनले. आजही स्टर्न ही मोठी कंपनी त्याच शहराच्या परिसरात ती बनवते.

माझी थोरली बहीण शिकागोच्या एका उपनगरात राहते. मध्यंतरी तिच्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हा भाच्याने मला एका खेळघरात नेऊन स्टर्नच्या ‘जॉज’ या यंत्रापुढे उभे केले. हे यंत्र २०२४ साली बाजारात आले. १९७५ च्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ या चित्रपटावर ते बेतलेले आहे. चित्रपटात एक अजस्र शार्क मासा किनाऱ्यावरच्या गावाला त्राही भगवान करून सोडतो. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना शार्क म्हटले की बाजारातली मुशी आठवते, आणि मुशीला माणसाने घाबरण्यापेक्षा मुशीनेच माणसाला घाबरावे अशी परिस्थिती आहे. पण ते असो.

पहिली छाप पडली ती गोंगाटाची. दिवे लुकलुकत होते, चित्रपटातले ते सुप्रसिद्ध दोन सुरांचे संगीत घुमत होते, मागच्या उभ्या पेटीतल्या पडद्यावर दृश्ये सरकत होती. काचेखालच्या खेळपटावर इतके काही रचलेले की बघावे कोठे तेच कळेना. मध्येच खेळपटाच्या फटीतून माशाचा पर वर येतो. त्यावर गोळी मारायची. सबंध मासा न दाखवता नुसता पर दाखवायचा, ही युक्ती मूळ चित्रपटाचीच. चित्रीकरणासाठी केलेला यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडू लागला, म्हणून तो कमी दाखवावा लागला. त्यामुळे भीती उलट वाढली!

खाली, खेळणाऱ्याच्या बाजूला, बोटभर लांबीच्या दोन वल्ह्या असतात. त्यांना फ्लिपर म्हणतात. पेटीच्या दोन्ही कुशींवरची बटणे दाबली की त्या फटकन वर उचलल्या जातात. दोन वल्ह्यांमधल्या फटीतून गोळी निसटली की ती गेली. माझी पहिली गोळी पंधरा सेकंदांत गेली, दुसरी त्याहून लवकर. भाचा म्हणाला, “मामा, बटणे दाबत सुटू नको. थांब जरा.” हा ‘थांब’ म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी थोडे गणित करू.

खेळपट सुमारे साडेसहा अंशांनी कलता असतो. गोळी पोलादाची, २७ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ८० ग्रॅम वजनाची. (पोलादाची घनता ७.८ धरून ताळा करून पाहा.) साडेसहा अंशांची ज्या ०.११३. तेव्हा उतारावरचे त्वरण ९.८ × ०.११३, म्हणजे दर सेकंदाला सेकंदी १.११ मीटर. पण गोळी घसरत नाही, गडगडते. तिची काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात खर्ची पडते. भरीव गोल गडगडत असेल तर त्वरणाला ५/७ ने गुणावे लागते. राहिले ०.७९. म्हणजे गुरुत्वाकर्षण बारा पटींनी पातळ केले! चंद्रावर ते सहापटच पातळ असते. मोकळी सोडलेली वस्तू एक मीटर पडायला ०.४५ सेकंद घेते, तर ही गोळी १.६ सेकंद घेते. पडणाऱ्या वस्तूचा अभ्यास करण्यासाठी गॅलिलिओने कलती पन्हळ वापरली ती याच कारणासाठी.

तरीही एक मीटर उतरून आलेल्या गोळीचा वेग सेकंदाला सव्वा मीटर भरतो. डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबायला आपल्याला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात गोळी २५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते! गोळी वल्हीवर आली हे पाहून बटण दाबाल तर उशीर झालाच म्हणून समजा. ती कोठे येणार हे आधीच ताडावे लागते.

मग ताडता का येत नाही? गोळी न्यूटनचे नियम तर मोडत नाही. चला, पुन्हा पडवीतल्या फळ्याकडे. गोटीची त्रिज्या ८ मिलिमीटर, खिळ्याची १ मिलिमीटर. टक्कर होते तेव्हा दोघांच्या केंद्रांमधले अंतर ९ मिलिमीटर. आता गोटीचा मार्ग अगदी किंचित, समजा ०.०१ मिलिमीटर, बाजूला सरकला. हे अंतर केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी. खिळ्यावर ती किंचित वेगळ्या ठिकाणी आदळेल, तिथला पृष्ठभाग किंचित वेगळ्या दिशेला वळलेला असेल. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे, म्हणून परतीच्या दिशेत फरक पडतो तो त्याच्या दुप्पट. पुढचा खिळा ४५ मिलिमीटरवर असेल तर तिथे पोचेपर्यंत मूळचा फरक २ × ४५ ÷ ९, म्हणजे सुमारे दहापट होतो. पहिल्या टकरीनंतर ०.१ मिलिमीटर, दुसरीनंतर १, तिसरीनंतर १० मिलिमीटर. दहा मिलिमीटर म्हणजे गोटीच्या त्रिज्येहूनही मोठा फरक! चौथ्या खिळ्याला गोटी डावीकडून जाईल, उजवीकडून जाईल की त्याला चुकवूनच जाईल, हे सांगायचे तर दट्ट्या सोडतानाची स्थिती केसाच्या जाडीहून सूक्ष्म मापावी लागेल. ती कोण मापणार? कारणातला नजरेत न भरणारा फरक परिणामात प्रचंड होऊ शकतो आणि अशा वेळी आपण त्याला योगायोग म्हणतो, हे फ्रेंच गणिती आंरी प्वाँकारे यांनी १९०८ सालीच लिहून ठेवले होते. हल्ली या शास्त्रशाखेला गोंधळाचा सिद्धांत म्हणतात. मला ते भाषांतर तितकेसे आवडत नाही, कारण गोटी कसलाही गोंधळ घालत नाही.

आता भाच्याचा ‘थांब’ पाहा. बटण दाबून धरले की वल्ही उचललेलीच राहते. तिच्या आणि कडेच्या पट्टीच्या बेचक्यात गोळी अलगद येऊन विसावते. एवढ्या टकरांनी वाढवलेली सगळी अनिश्चितता त्या क्षणी पुसली जाते! गोळी कोठे आहे हे माहीत, वेग शून्य. आता बटण सोडले की गोळी वल्हीवरून सावकाश गडगडू लागते, आणि ती वल्हीच्या कोणत्या जागी असताना फटका मारला यावर ती कोणत्या दिशेला जाईल हे ठरते. तिचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर एक शतांश सेकंदात ती ५ मिलिमीटर सरकते. हा शतांश साधणे हेच कौशल्य. ते सवयीने येते. भाच्याला येते, मला त्या दिवशी दहातून दोनदा जमले.

वल्हीला हा जोर येतो विद्युतचुंबकातून. तारेच्या वेटोळ्यात प्रवाह सोडला की आतला लोखंडी दांडा खेचला जातो. फटका मारायला प्रवाह जबर लागतो, पण तोच चालू ठेवला तर वेटोळे जळून जाईल. म्हणून जुन्या यंत्रांत दोन वेटोळी असत, एक फटक्याचे, दुसरे नुसते धरून ठेवण्याचे. वल्ही पूर्ण उचलली गेली की पहिल्याचा प्रवाह आपोआप तुटे. (अशा विद्युतचुंबकांनी भरलेले यंत्र आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेजवळ मात्र कोणी आणू देणार नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे वेध १९०४ मध्ये अलिबागला हलवले, ते अशाच उपद्रवापासून दूर राहण्यासाठी.)

या वल्ह्या पहिल्यांदा आल्या १९४७ साली, ‘हम्प्टी डम्प्टी’ नावाच्या यंत्रात. त्याआधी दट्ट्या सोडला की बघत राहायचे, फार तर पेटीला धक्का द्यायचा. धक्के अती होऊ नयेत म्हणून हॅरी विल्यम्स याने १९३० नंतरच्या दशकात धक्का ओळखणारी कळ शोधली. पुढे रूढ झालेल्या तिच्या रूपात पेटीत चक्क गवंड्याचा ओळंबा असतो, धातूच्या कड्यात लोंबणारा. पेटी जोरात हलवली की ओळंबा कड्याला टेकतो, मंडल पूर्ण होते आणि गोळी बाद! नव्या यंत्रांतही हा ओळंबा दिसतो.

केवळ नशिबाचा खेळ म्हणजे जुगार, असे ठरवून न्यू यॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली. महापौर ला ग्वार्डिया यांनी हातोडा घेऊन यंत्रे फोडली. ती बंदी उठली १९७६ साली. रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने नगरसभेच्या समितीपुढे प्रत्यक्ष खेळून दाखवले. शेवटी त्याने दट्ट्या ओढला, गोळी वरच्या मधल्या वाटेने येईल असे सांगितले आणि ती तशीच आली. नंतर तो स्वतःच म्हणे की त्यात नशिबाचाही भाग होता. पण आपल्या गणिताकडे पाहा. त्याने भाकीत केले ते टकरा सुरू होण्याच्या आधीच्या टप्प्याचे, तिथे फरक अजून वाढलेला नसतो. चौथ्या टकरीनंतरचे भाकीत त्याने केले नाही, हे शहाणपणच.

हाच प्रश्न आपल्याकडेही आहे. १८८७ च्या मुंबई इलाख्याच्या जुगारविरोधी कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. मग जत्रेत कधी कधी दिसणारा खिळ्यांचा फळा कशात मोडतो? वरून गोटी सोडायची, खाली कप्पे, कडेच्या कप्प्यात पडली तर मोठे बक्षीस. त्याला वल्ह्या नाहीत, थांबायची सोय नाही. समजा खिळ्यांच्या ८ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत गोटी डावीकडे वा उजवीकडे जाण्याची शक्यता सारखी. तर २५६ गोट्यांपैकी सरासरी ७० मधल्या कप्प्यात जातील आणि अगदी कडेच्या दोन कप्प्यांत मिळून फक्त २. दहा रुपये घेऊन कडेच्या कप्प्याला दोनशे रुपये बक्षीस ठेवले, तर २५६ खेळांत दुकानदार २५६० रुपये घेईल आणि सरासरी ४०० देईल. त्याला काही लबाडी करायची गरजच नाही. एक गोटी कोठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसते, पण शंभर गोट्यांचे त्याला पक्के ठाऊक असते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८९ च्या आपल्या पुस्तकात वर्णन केलेले उपकरण याच तत्त्वाचे.

हे घरी करून पाहता येईल. हातभर प्लायवूड, बारीक खिळे, सायकलच्या बेअरिंगमधल्या छर्‍या. पहिली ओळ एका खिळ्याची, दुसरी दोनची, अशा आठ ओळी ठोका. दोन खिळ्यांमधून छर्रा जेमतेम जाईल एवढेच अंतर ठेवा आणि खाली नऊ कप्पे करा. फळा विटेवर टेकवून कलता ठेवा आणि वर कागदाचे नरसाळे लावून छर्रे एकेक सोडा. आधी दहा सोडून आलेख काढा, मग शंभर, मग २५६. नंतर एक वीट आणखी लावून उतार वाढवा आणि मधल्या कप्प्यातल्या आकड्यात फरक पडतो का ते पाहा. फळा डावी-उजवीकडे समपातळीत आहे की नाही, हे मात्र प्रत्येक वेळी ओळंब्याने तपासून घ्या.