लाटणं हातातच का राहिलं?

धोरण वरच्या मजल्यावर ठरतं आणि कारखान्याने ते मुकाट राबवायचं, असा समज व्यवस्थापनाच्या जगात फार काळ होता. हार्वर्डचे विकहॅम स्किनर यांनी १९६९ साली एका गाजलेल्या लेखात त्यालाच हात घातला. कुठलं यंत्र घ्यायचं, माल कुठे बनवायचा, साठा किती ठेवायचा, हे निर्णय नुसते तांत्रिक वाटतात. पण कंपनीला पुढे काय झेपेल आणि काय झेपणार नाही, हे या निर्णयांनीच ठरून जातं, असं स्किनर यांचं म्हणणं होतं.

याचं एक उदाहरण मात्र त्या लेखाआधी दहा वर्षं आपल्याकडे सुरू झालं होतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले होते. तेच पुढे लिज्जत झालं. घर सांभाळणाऱ्या बाईच्या हाती तिच्या कष्टाचे पैसे यावेत, हा संस्थेचा हेतू. कामाची सगळी मांडणी त्यातून आली आहे. पीठ शाखेत मळलं जातं, कच्चा माल मध्यवर्ती खरेदीतून येतो, म्हणून चव सगळीकडे एकच राहते. लाटणं आणि वाळवणं मात्र घरी. सकाळी भगिनी, म्हणजे या लाटणाऱ्या बायका, आदल्या दिवशीचे पापड आणून देतात, ते तपासून, तोलून घेतले जातात, लाटण्याचे पैसे मिळतात आणि नवं पीठ घेऊन त्या परततात. मोठी शेड नको की भाडं नको. चव जिथे बिघडू शकते तो टप्पा संस्थेच्या ताब्यात आणि रोजगार जिथे आहे तो बाईच्या घरात, ही वाटणी मला फार हुशारीची वाटते.

अडचणी आल्याच. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी! कुठल्याही सल्लागाराशिवाय.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची वाट वरवर पाहता अगदी उलटी, पण कामाची मांडणी तिथेही हेतूतूनच आलेली. १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ते ११ खाटांवर सुरू केलं. टाळता येणारं अंधत्व हटवायचं, तर सर्जनचा एक मिनिटही वाया जाता कामा नये. म्हणून तिथे शस्त्रक्रियेची टेबलं शेजारी शेजारी असतात. एका रुग्णाचं आटोपेपर्यंत दुसरा तयार असतो. इथे वेगच हवा, कारण तिथे होणाऱ्या फुकट उपचारांचा हिशेब त्याच्यावर बसतो.

लिज्जतमध्ये हाच वेग आणला तर संस्था मोडेल. लाटणारं यंत्र बसवलं की पापड कदाचित स्वस्त पडेल, पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप सुरू झाला त्या बायकांचंच काम जाईल. आज सुमारे ४५ हजार भगिनी या संस्थेच्या सभासद आणि सहमालक आहेत.