बागेतील अनोळखी आंब्याची जात कशी ओळखावी?

कोकणातील जुन्या बागांत हापूस व पायरीच्या रांगांमध्ये मधूनच एखादे असे झाड उभे असते की, त्याची जात घरातील कोणासही सांगता येत नाही. लावणारा हयात नसतो व रोपवाटिकेची पावतीही सापडत नाही. अशा झाडावर बहुधा दोहोंपैकी एक प्रसंग ओढवतो. निरुपयोगी समजून त्यावर कुऱ्हाड चालविली जाते, किंवा त्याची फळे हापूसच्या पेटीत भरली जाऊन सबंध पेटीचा भाव उतरतो. म्हणून झाडाबद्दल काहीही निर्णय घेण्यापूर्वी एक पूर्ण हंगाम त्याचे निरीक्षण करणे इष्ट आहे.

प्रथम झाड कलमी आहे की रायवळ, हे पाहावे. पुष्कळदा बांधलेली डोळकाडी मरते आणि खालचा खुंटच फुटून वाढतो. असे झाड कलम म्हणून विकत घेतलेले असले तरी ते रायवळच होय, व त्याला कोणत्याही प्रसिद्ध जातीचे नाव शोधणे व्यर्थ आहे. आपल्याकडील आंब्याच्या कोयीपासून झालेले प्रत्येक रोप स्वतंत्र गुणांचे असते. भेट कलमाचा जोड खोडावर बहुधा दिसून येतो. कोय कलमाचा जोड मात्र जमिनीलगत असल्यामुळे मोठ्या झाडात दिसेनासा होतो. तेव्हा केवळ जोड दिसत नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

यानंतर झाडाचे वय विचारावे. ही चौकशी साधी असली तरी फार उपयोगी आहे. नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेली रत्ना ही जात 1981 मध्ये, व सिंधू 1992 मध्ये प्रसारित झाली. पन्नास-साठ वर्षांचे झाड यांपैकी कोणतेच असणे शक्य नाही.

पानांवरून जात सांगणारे जाणकार गावोगाव भेटतात. परंतु त्यांच्या शब्दावर सर्वस्वी विसंबू नये. पानाची लांबी-रुंदी एकाच झाडावरही बदलते आणि पालवीचा रंग थोड्याच दिवसांत पालटतो. पानांची तुलना करावयाचीच असेल तर सारख्या वयाची, पूर्ण जून झालेली पाने घ्यावीत.

खरी ओळख फळात असते. झाडाच्या सर्व बाजूंनी मिळून दहा तयार फळे देठासह काढावीत, कारण उन्हाकडील फळावर लाली अधिक चढते व एकाच फळावरून फसगत होते. फळ उभे धरून देठाजवळचे खांदे, पोटाची व पाठीची बाजू आणि टोक न्याहाळावे. हापूसला चोच जवळजवळ नसते. पायरीची चोच स्पष्ट असते व खांद्यावर तांबूस छटा येते. तोतापुरी लांबट व टोकाशी निमुळता असून सहज ओळखू येतो. लंगडा पिकला तरी हिरवाच राहतो. नंतर फळे पेंढ्याच्या अढीत पिकवून कापावीत. गराचा रंग, धागे, रस, वास व सालीची जाडी पाहावी. गरात साका आढळल्यास हापूसचा संशय बळावतो. रत्ना या दोषापासून मुक्त आहे. कोय धुऊन, वाळवून, तीवर झाडाचा क्रमांक घालून जपून ठेवावी. सिंधूची कोय अतिशय पातळ असते, व ही खूण सहसा चुकत नाही.

मोहोर केव्हा आला, फळ केव्हा तयार झाले व झाड दरवर्षी धरते की वर्षाआड, याची नोंद वहीत करावी. उशिरा तयार होणारे व दरवर्षी धरणारे झाड नीलम असू शकेल. अखेरची तुलना मात्र पुस्तकातील चित्राशी न करता, जात निश्चित ठाऊक असलेल्या झाडाच्या फळाशी करावी, व ती दोन्ही फळे शेजारी ठेवून करावी.

झाड हापूस नाही असे ठरले, तरी ते तोडण्याची घाई करू नये. हापूसच्या सलग बागेत इतर जातींची थोडी झाडे असल्यास परागीभवनास मदत होते. रायवळाचे फळ उत्तम निघाल्यास त्याची कलमे करावीत. अशा शेतकरी-जातीची नोंदणी 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यान्वये करता येते. शंका उरल्यास सहायक कृषी अधिकाऱ्यांनी फळे, जून पाने, कोय व नोंदवही घेऊन कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा, आणि तोपर्यंत त्या झाडाच्या खोडावर रंगाने क्रमांक घालून ठेवावा.