ग्रहण लागलं, तेव्हा गोठ्यात काय झालं?

सूर्यग्रहणात पाखरं घरट्याकडे फिरतात, गुरं गप्प होतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खग्रास ग्रहणापुरतं त्यात बरंच तथ्य आहे. पण हल्ली कोरेगावकरांच्या वाट्याला येतात ती खंडग्रास ग्रहणं, आणि तिथे प्रकरण वेगळं असतं.

खग्रास पट्टा कुठून गेला?

सातारा जिल्ह्यातून तो शेवटचा गेला 22 जानेवारी 1898 रोजी. विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढून कराड, पुढे सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर, असा ईशान्येकडे. विजयदुर्गावर हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते नॉर्मन लॉकियर आले होते. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला. सगळ्यांच्या दुर्बिणी अर्थातच आकाशाकडे होत्या, झाडांकडे नव्हे. 16 फेब्रुवारी 1980 चा पट्टा अंकोला, गदग, रायचूर असा आपल्या दक्षिणेकडून गेला.

उजेडाचा हिशोब

सूर्यबिंब ऐंशी टक्के झाकलं तरी एक पंचमांश उजेड उरतो. भर दुपारी तेवढा पुष्कळ असतो, आणि डोळा त्याला हळूहळू सरावतो. ऊन जरा मळकट वाटतं, हवा किंचित गार होते, इतकंच. 26 डिसेंबर 2019 च्या सकाळी आपल्याकडे बिंबाचा मोठा भाग झाकला गेला, तरी रात्र काही झाली नाही. खग्रासात मात्र मिनिटभरात संधिप्रकाश पडतो. प्राण्यांचं वागणं बदलतं ते या झटक्यामुळे.

नोंदी काय सांगतात

1991 मध्ये मेक्सिकोतल्या खग्रास ग्रहणात काही कोळी, रोज संध्याकाळी करतात तसं, जाळी मोडून गुंडाळू लागले. ज्या जाळ्यांवर संशोधकांनी दिवा धरला होता, तिथले कोळी जागचे हलले नाहीत. म्हणजे कारण उजेडच. इतकी साधी आणि इतकी चोख चाचणी क्वचितच पाहायला मिळते.

2017 मध्ये अमेरिकेत फुलांजवळ लहान मायक्रोफोन टांगून मधमाश्यांचा गुंजारव टिपला. खंडग्रास टप्प्यात माश्या उडतच होत्या. सूर्य पूर्ण झाकला आणि आवाज थांबला. सोळा ठिकाणं मिळून त्या काळात जेमतेम एक गुणगुण ऐकू आली. त्याच ग्रहणात दक्षिण कॅरोलायनातल्या एका प्राणिसंग्रहालयात जिराफ धावत सुटले. 2024 मध्ये इंडियानात उजेड परतल्यावर काही पक्ष्यांनी पहाटेसारखं गायला सुरुवात केली.

कोरेगावात काय बघावं?

गोठ्यापासून सुरुवात करणाऱ्यानं जपून राहावं. वेध लागले म्हणून काही घरांत गुरांची वैरण-पाणी थांबवतात, गाभण म्हशीच्या शिंगांना गेरू फासतात. पोटात काही नसलं की म्हैस रेकणारच. तो ग्रहणाचा परिणाम नव्हे, रिकाम्या गव्हाणीचा आहे. पूर्वी ‘दे दान, सुटे गिराण’ची हाळी उठली की कुत्री भुंकायची, तेही तसंच. त्या दिवशी वैरण नेहमीच्या वेळी टाका, मगच जनावराकडे बघा.

पक्ष्यांसाठी गावाबाहेरची एखादी जुनी चिंच किंवा वड निवडा. साळुंक्या दिवसा चरतात की थव्यानं झाडावर येऊन कलकलाट करतात? गायबगळे गुरांमागे आहेत की रातथाऱ्याकडे निघाले? कोणाकडे सातेरी मधमाश्यांची पेटी असेल तर उत्तमच. पेटीच्या दाराशी बसून एका मिनिटात किती माश्या आत आल्या ते मोजायचं, दर दहा मिनिटांनी. आकडा आला की ‘मला वाटलं’ला जागा उरत नाही.

आणि हे सगळं आदल्या दिवशी, त्याच घटकेला, त्याच जागी एकदा करून ठेवायचं. त्याशिवाय ग्रहणाच्या दिवशीचं टिपण निरुपयोगी. ‘काही फरक नाही’ हेही टिपणच. खंडग्रासात बहुतेक वेळा तेच लिहावं लागेल.

डोळ्यांचं काय?

आयएसओ 12312-2 मानकाचा ग्रहणचष्मा वापरा. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, ताटातलं पाणी, सगळं बाद. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना समजतही नाही. घरातला झारा उन्हात धरा: जमिनीवर प्रत्येक भोकाची एकेक सूर्यकोर उमटते. झाडाखालच्या कवडशांचंही तेच. जनावरांकडे बघणाऱ्याची पाठ सूर्याकडे असते, हा त्याचा आणखी एक फायदा.

पुढची संधी

2 ऑगस्ट 2027 ला, म्हणजे दिव्याच्या अवसेला, दुपारनंतर खंडग्रास आहे. पण त्या दिवसांत ढग किती असतील, हे साताऱ्यात कोणी वेगळं सांगायला नको. खरी वाट बघावी ती 21 मे 2031 ची. कंकणाकृती पट्टा केरळ-तामिळनाडूतून जाईल आणि आपल्याकडे भर दुपारी बराचसा सूर्य झाकला जाईल. मे महिन्यात त्या वेळी पाखरं तशीही उन्हानं चोची वासून सावलीला बसलेली असतात. ऊन उतरलं की ती झोपायला जाण्याऐवजी उलट चरायला बाहेर पडतील का, हे मला जास्त कुतूहलाचं वाटतं.