चिखल्याचा काळा दगड

ज्वालामुखी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें इटलींतील व्हिसुव्हियस किंवा जपानांतील फुजियामा उभा राहतो. वर्गांत शिकवितांना मीही मुलांना हींच नांवें सांगत असें. भारतांतील जागृत ज्वालामुखी पाहावयाचा तर अंदमानच्या पूर्वेस बॅरन बेटाकडे जावें लागतें. दीर्घकाळ शांत राहून तो १९९१ मध्यें पुन्हां धगधगूं लागला. पण भूगर्भांतील अग्नीची साक्ष आपल्या पायांखालींही आहे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळानें व्यापिला आहे, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा होय. थरावर थर चढत गेले. १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर त्याच थरांचें आहे. तेथें शंकूसारखा पर्वत शोधूं जाल तर निराश व्हाल.

उलट, बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पाहा. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा तो वाटोळा खळगा म्हणजे हुबेहूब ज्वालामुखीचें मुख! पुष्कळांनीं तसें मानलेंही. परंतु तेथील खडकांत प्रचंड आघातावांचून न होणारी कांच आढळली, आणि १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें अशनिपाताचें विवर ठरलें. तात्पर्य, आकार फसवितो. दगड खरें सांगतो.

आतां पूर्वेकडे वळूं. नागपूरची सीताबर्डीची टेकडी लाव्ह्याचीच; पण तेथून पुढें हें आच्छादन सरतें, आणि भंडारा जिल्ह्यांत तुमसर तालुक्यांतील चिखल्यास त्याहून कितीतरी जुना खडक उघडा पडतो. हा अग्नीचा नव्हे, पाण्याचा पुत्र. प्राचीन समुद्राच्या तळाशीं वाळू व चिखल यांजबरोबर मँगनीज सांचलें. पुढें तो गाळ खोल दबला आणि सुमारें शंभर कोटी वर्षांपूर्वीं उष्णता व दाब यांनीं त्याचें रूप पालटलें. जेथें मँगनीज शुद्ध होतें तेथें काळें, जड खनिज झालें; जेथें वाळू-माती मिसळली होती तेथें गार्नेटयुक्त दगड बनला. फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञानें आपल्या १९०९ च्या ग्रंथांत त्यास गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. आज जगांतील भूशास्त्रज्ञ तेंच नांव वापरतात. आपल्या मुलांना मात्र तें ठाऊक नसतें.

पोलाद करण्यास मँगनीज अवश्य लागतें. म्हणून ‘मॉयल’ ही सरकारी कंपनी चिखल्यास भूमिगत खाण चालविते. खनिज निघावें, यांत वाद नाहीं. पण भट्टींत गेलेला दगड परत येत नाहीं, आणि त्याजबरोबर त्याची साक्षही जाते. यास्तव माझी एवढीच सूचना आहे : प्रत्येक शाळेनें लाव्ह्याचा कातळ, गोंडाइट आणि मँगनीजचें खनिज यांचे तीन तुकडे मिळवून नांवाच्या चिठ्ठ्यांसह कपाटांत ठेवावे. मुलांनीं ते हातांत घ्यावे. खनिजाचा तुकडा उचलतांच त्याचें वजन हाताला कळतें, आणि जिज्ञासा तेथूनच सुरू होते.