शिदोरी बांधलेलं बाळ

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आगटी पेटली होती. आबांनी भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून फोल उडवलं आणि हिरवे दाणे पोरांच्या ओंजळीत टाकले.

“आबा, हुरडा गोड का लागतो? भाकरी तर गोड नसते,” धाकटीनं विचारलं.

“कारण तू अर्धवट बांधलेली शिदोरी खातेयस.”

“कुणाची?”

“ज्वारीच्या बाळाची. प्रत्येक दाण्यात टोकाशी इवलासा अंकुर झोपलेला असतो. त्याची आई, म्हणजे हे ताट, त्याच्यासाठी खाणं बांधून देते. पानांत तयार झालेली साखर दाण्यात उतरते आणि दाणा पक्व होताना तिचं पीठ होतं. आपण मधेच कणीस मोडलं, म्हणून गोड लागतंय. थांबलो असतो तर हाच दाणा टणक होऊन भाकरीला आला असता.”

थोरला शेंगाचटणीत बोट बुडवत म्हणाला, “मग शेंगदाण्यात काय असतं?”

आबांनी शेंग फोडली, दाणा सोलून दोन पाकळ्या हलकेच विलग केल्या. “हा टोकाचा कोंब बघ. भिंग लावलंस तर चिमुकली पानंसुद्धा दिसतील. इथं बाळानं शिदोरी आपल्याच अंगात भरून घेतलीय. या पाकळ्या म्हणजे त्याची पहिली पानं, तेलानं फुगलेली. आणि आईची तऱ्हाही न्यारी! पिवळं फूल वर उमलतं, पण फळ धरलं की आऱ्या सुटून जमिनीत घुसतात. शेंग पोसते मातीत. मूळची ही दक्षिण अमेरिकेतली, पण आता तिच्याशिवाय सोलापूरचं जेवण होतं का?”

“आणि डाळिंब?”

“त्याचा लाल रस म्हणजे बीचंच बाहेरचं आवरण. तो बाळासाठी नाही, पाखरांसाठी. पाखरू रसापायी दाणा गिळतं आणि बी लांब नेऊन टाकतं. रुईच्या बीला पाखरू लागत नाही. ती रेशमी केसांवर उडते, तुम्ही म्हातारी म्हणून पकडता ना, तीच. पण उडायचं तर शिदोरी हलकी हवी.”

“शिदोरी दिलीच नाही तर?”

“मग ज्वारीतल्या टारफुला तणासारखं करावं लागतं. त्याची बी धुळीएवढी, गाठीला काही नाही. नुसत्या ओलीवर रुजली तर उपाशी मरेल. म्हणून ती वर्षानुवर्षं मातीत पडून राहते. ज्वारीचं मूळ जवळ आलं की त्यातून एक द्रव्य झिरपतं. त्याचा सुगावा लागला की मगच ती जागी होते, मुळाला चिकटते आणि ज्वारीचं अन्न चोरते. वर फुलं मात्र कशी नाजूक!”

आबा मांडी बदलून बसले. “फार पूर्वी जगात बीच नव्हती. नेच्यांचे बीजाणू असत, पण त्यांच्या पुढच्या पिढीला ओलाव्याशिवाय जमत नसे. साधारण ३६ कोटी वर्षांपूर्वी झाडांना बी सापडली आणि कोरड्या जमिनीवर त्यांचं राज्य सुरू झालं. आज सायकस, देवदार यांच्यासारख्या उघड्या बीच्या जाती हजाराच्या आसपास, तर फुलझाडांच्या जवळपास ३ लाख. आपल्यासारख्या ५००-६०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात ज्वारी उभी राहते, तीही जमिनीत मुरलेल्या ओलीवर. वाळलेली बी झोपून राहते, म्हणून तर आपल्याकडे धान्य पेवात साठवायचे. दुष्काळात दामाजीपंतांनी इथली कोठारं रयतेला खुली केली, ही कथा तुम्हाला ठाऊकच आहे. बी थांबायला शिकली नसती तर कोठारात उघडायला काय राहिलं असतं?”

धाकटी हातातल्या दाण्यांकडे बघत म्हणाली, “म्हणजे आपण बाळांचं खाणं पळवतो?”

“पळवतोच की! भाकरी, डाळ, तेल, चटणी, सगळी त्यांचीच शिदोरी. म्हणून खाणाऱ्यानं बियाणं राखायचं असतं. १९३०च्या दशकात मोहोळला गावरान मालदांडीतून निवडून काढलेलं एम ३५-१ हे वाण कोरडवाहू रानात अजून पेरतात. पण निवडायला आधी शेतांत तऱ्हेतऱ्हेची कणसं होती, हे विसरू नका. सगळं रान एकाच चेहऱ्याचं असतं तर निवडलं काय असतं? हुरड्याला गूळभेंडी, भाकरीला मालदांडी, अशी आपली वाणं. उद्या पाऊस आणखी दगा देईल, नवी कीड येईल. तिला तोंड देणारा गुण यातल्याच एखाद्या दुर्लक्षित वाणात असू शकतो. ते वाण कोठीत ठेवून भागत नाही, दरसाल थोडं तरी पेरावं लागतं. बीलाही जिवंत राहायची मुदत असते.”