अंधाराची वाटणी

ठरवून वीज बंद केली जाते तेव्हा ती कोणाची बंद होते, त्याची खबर कोणाला मिळते आणि त्या तासांत कोणाचा जीव टांगणीला लागतो, हे प्रश्न तांत्रिक म्हणून बाजूला सारले जातात. माझ्या मते ते सामाजिक प्रश्न आहेत. मी मंचर परिसरातल्या वस्त्यांतून हिंडतो. तेथून ते जसे दिसतात तसे मांडतो.

ठरवून वीज बंद करण्याचे दोन प्रकार आहेत. एक, तारा आणि डीपी यांच्या दुरुस्तीसाठी. वायरमनच्या जिवासाठी ते अटळ आहे. दुसरा प्रकार भारनियमनाचा. मागणीपेक्षा वीज कमी पडली की कोणाला तरी अंधारात बसवावे लागते. कोणाला, हे ठरविण्यासाठी २००५ नंतरच्या टंचाईत महाराष्ट्रात वीजवाहिन्यांची ‘ए’ ते ‘जी’ अशी प्रतवारी झाली. जिच्यावर गळती, चोरी व थकबाकी अधिक ती वाहिनी खालच्या गटात, आणि खालच्या गटाला अंधार अधिक. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा टंचाई आली तेव्हाही पाळी ‘जी’ गटावरच आली.

जो पैसे भरतो त्याला वीज, हा युक्तिवाद वरवर न्यायाचा वाटतो. परंतु वाहिनी बिल भरत नाही, माणूस भरतो. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे थकबाकीदाराची वीज तोडायची तर त्याला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. थकबाकीदाराला एवढा अधिकार आहे. आणि दर महिन्याला पोटाला चिमटा घेऊन बिल भरणारी शेतमजूर बाई मात्र शेजाऱ्याच्या थकबाकीची आणि जुन्या तारांतल्या गळतीची शिक्षा भोगते. माणूस कसा आहे हे न पाहता तो कोणत्या गटात पडतो यावरून त्याचा हिशेब करायचा, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

ज्यांच्याजवळ पैसा असतो त्यांना यातून वाट काढता येते. २००६ साली पुणे शहराने कारखान्यांच्या जनित्रांचा आधार घेऊन आणि जादा आकार मोजून भारनियमनातून सुटका करून घेतली. मंचर तेथून साठेक किलोमीटरवर. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र रोज कित्येक तास अंधारात होता.

आंबेगाव तालुक्यात अंधाराला आणखी एक अर्थ आहे. डिंभे धरणाच्या पाण्याने ऊस आला आणि उसात बिबट्या आला. ज्यांची घरे गावाच्या कडेला, उसाला लागून, त्यांना दारातला एक दिवा म्हणजे राखण असते. साखर कारखान्याच्या हंगामात येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोपीत मीटरच नसतो. वीज जाणार असल्याचा निरोप तेथे कोणत्या नावावर यायचा?

१९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेवाचून औद्योगिकीकरण नाही आणि त्यावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. २०२१ मध्ये त्यांच्या नावाने जीवन प्रकाश योजना निघाली. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत भरून घरगुती जोडणी मिळण्याची सोय झाली. हे चांगलेच झाले. पण मीटर भिंतीवर लागला म्हणजे वीज हक्काची झाली, असे होत नाही.

२०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत नियोजित बंदची माहिती ग्राहकांना द्यावी असे म्हटले आहे. ज्येष्ठ नागरिकांना घरपोच सेवाही सांगितली आहे, ती अर्ज देण्यासाठी आणि बिल भरण्यासाठी. प्रत्यक्षात निरोप मोबाइलवर येतो आणि मीटर बहुधा वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो. ऑस्ट्रेलियात जीवरक्षक यंत्राची नोंद असलेल्या घराला नियोजित बंदची सूचना कामाचे किमान चार दिवस आधी द्यावी लागते. ब्रिटनमध्ये आजारी, वृद्ध आणि तान्ह्या मुलांच्या घरांची नोंदवही वीज कंपन्या ठेवतात. तेथे गरज घरावरून ठरते, आपल्याकडे मात्र वाहिनीवरून.

अशी नोंदवही आपल्या वस्तीत आपणच का सुरू करू नये? शिक्षक आणि विद्यार्थी दोन दिवसांत घरे फिरू शकतात. प्राणवायूच्या यंत्रावरचा रुग्ण, अंथरुणाला खिळलेला वृद्ध, बाळंतीण, इन्शुलिन घेणारा, दहावीचे मूल, यांची त्या घरांच्या संमतीने नोंद करावी. यंत्रावरच्या रुग्णाकडे भरलेले सिलिंडर आहे का ते पाहावे. वीज जाताच ते यंत्र थांबते. न उघडलेले इन्शुलिन फ्रिजमध्ये लागते, पण वापरातली कुपी सावलीत, ओल्या वाळूतल्या मडक्यात साधारण महिनाभर टिकते. पंपही बंद पडणार म्हणून पाणी आधी भरावे. बंदची सूचना विहाराच्या आणि शाळेच्या फळ्यावर लिहावी. मीटरवरचे नाव आणि मोबाइल क्रमांक बदलून घ्यावेत.

ही यादी वीज कार्यालयात द्यावी, एक प्रत उपजिल्हा रुग्णालयात द्यावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. पोच महत्त्वाची आहे. तोंडी केलेली विनंती विसरता येते. कागदावर शिक्का पडला की पुढच्या अंधारात आम्हाला ही घरे माहीत नव्हती, असे कोणाला म्हणता येणार नाही.