पहाटेची वाट आणि पाण्याचा हिशेब

बँकेच्या नोकरीत माझी सारी उमेद शिल्लक जुळविण्यात गेली. सायंकाळी शाखेची रोकड पैशापर्यंत जुळली की मी निश्चिंत मनाने घरी परतत असे. स्वतःच्या शरीराचे खाते मात्र कधी उघडून पाहिले नाही. निवृत्तीनंतर दोनच महिन्यांत रक्ततपासणीचा अहवाल हाती आला आणि तेथील आकडे काही केल्या जुळेनात. डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालता चालता वर्षभरात थोडे धावणे जमू लागले. धावणे म्हणजे तरुण मंडळी ज्याला झपझप चालणे म्हणतील तेवढेच. त्याविषयी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.

पुढे माझ्या मावसभावाची अँजिओप्लास्टी झाली. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. मार्केट यार्डात भुसाराचा व्यापार. सकाळी नऊ वाजता गादीवर बसला की रात्री आठपर्यंत उठणे नाही. त्याला मधुमेह आधीपासूनच होता. हृदयाच्या डॉक्टरांनी व्यायामाची मोकळीक दिल्यावर मी त्याला बरोबर नेऊ लागलो. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "दादा, बागेत गोल गोल फिरून काय मिळणार? तेवढ्या फेऱ्या मी गोदामात पोत्यांभोवती मारीन." व्यापारी माणसाला निघाल्यावर कोठेतरी पोहोचावे लागते. म्हणून आम्ही पोहोचण्याजोग्या वाटा शोधू लागलो. पुण्याभोवती त्यांची वाण नाही.

आरंभ वेताळ टेकडीपासून केला. शहराच्या हद्दीतील हे सर्वांत उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. पौड रस्ता, गोखलेनगर, पाषाण अशा कोणत्याही बाजूने चढावे. माथ्यावर पोहोचले की मोकळी सपाटी लागते आणि पाय आपोआप पळू लागतात. जुन्या दगडखाणीत साठलेले पाणी, सालईची झाडे, पहाटे मोरांचे ओरडणे. शहराच्या मध्यावर एवढे रान शिल्लक आहे हे भाग्यच. या टेकडीतून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या योजना निघाल्या तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला. मी मोर्च्यात जाणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी गेलो.

याच टेकडीवर आमचे चुकले. जानेवारीतील सकाळ होती. आम्ही साडेपाचला घर सोडले होते. सव्वासातच्या सुमारास खाणीजवळ भाऊ एका दगडावर बसला. एवढ्या थंडीत अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. शेजारून जाणाऱ्या एका तरुण जोडप्याने साखरेचे पाणी पुढे केले. भावाने तोंड मिटून मान हलविली. त्याची रोजची नवकारशी. वेळ व्हायला अजून चाळीस मिनिटे होती. ती दोन मिनिटे मी कधी विसरणार नाही. शेवटी मी म्हणालो, "प्रायश्चित्त नंतर घे, आधी साखर घे." त्याने घेतली. पंधरा मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला.

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, जुनी सवय. जानेवारीच्या मध्यास पुण्यात सूर्योदय सात वाजून आठ-नऊ मिनिटांनी होतो. त्यात ४८ मिनिटे मिळविली की नवकारशी सात सत्तावन्नच्या आसपास येते. आदल्या दिवशीचा सूर्यास्त सव्वासहाचा. म्हणजे चौविहार पाळणारा मनुष्य त्या दिवसांत साडेतेरा तासांहून अधिक वेळ अन्नपाण्यावाचून असतो, आणि त्यांतील शेवटचे दोन-अडीच तास आम्ही त्याला डोंगर चढवीत होतो. तेही मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना! मे महिन्यात हाच अवधी पावणेबारा तासांवर येतो, कारण सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सातच्या पुढे. व्रत तेच, वाट तीच. पण जानेवारीत आणि मेमध्ये शरीराकडून होणारी मागणी निराळी. हे साधे गणित आम्हां दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते, आणि दोघांचाही जन्म आकडेमोडीत गेलेला!

भावाने डॉक्टरांना सारे सांगितले. त्यांनी रात्रीच्या गोळीची मात्रा आणि वेळ बदलली, व्यायामापूर्वी साखर तपासण्याची सक्ती केली. हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. दुसऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही. उपाश्रयात एका साध्वीजींसमोर भाऊ मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा त्यांनी शांतपणे समजावले की पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत आणि प्रकृतीच्या गंभीर प्रसंगाचा विचारही त्यांत आहे. रोज आपण तो पाठ म्हणतो. त्याचा अर्थ किती जणांनी विचारला असेल?

त्यानंतर आम्ही ठिकाणे पाण्याच्या वेळेवरून ठरवू लागलो. हिवाळ्यात सूर्योदयानंतरच निघायचे, पहिला तास सपाटीवर नुसते चालायचे, नवकारशी पारल्यानंतर धावायचे. चढाच्या आणि लांबच्या वाटा मार्चपासून जूनपर्यंत. दुकान अर्धा तास उशिरा उघडते. भावाचा मुलगा ते सांभाळतो, आणि त्याला ते सांभाळता येते ही गोष्टही भावाला त्यामुळेच कळली.

पाणी असे मनात बसले म्हणूनच की काय, कात्रजची वाट मला सर्वांत प्रिय झाली. आगम मंदिराच्या दर्शनाला आपण सारे जातो. परंतु त्या वाटेवरचा कात्रजचा तलाव किती जण थांबून पाहतात? अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी येथे बांध घालून पाणी अडविले आणि दगड-विटांच्या भुयारी नळाने ते थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले. नळ एवढा मोठा की आत माणूस वावरू शकेल. पंप नाही, यंत्र नाही. केवळ जमिनीचा उतार. मध्ये मध्ये हवेसाठी आणि सफाईसाठी बांधलेले उच्छ्वास सातारा रस्त्याच्या परिसरात काही ठिकाणी अजून दिसतात. पाणी पेठांतील हौदांत पडे आणि तेथून लोक भरून नेत. साततोटी हे नाव आजही पत्त्यांत टिकून आहे; ते हौदाचेच. मारवाडातून, गुजरातेतून आपले पूर्वज पेठांत येऊन राहिले, त्यांच्यापैकी अनेकांच्या घागरी या हौदांवर भरल्या गेल्या असणार.

एका रविवारी आम्ही हा नळ वरून चाललो, म्हणजे तलावापासून शनिवारवाड्याच्या दिशेने. आठ-नऊ किलोमीटरचे अंतर, सारा उतार अनुकूल. पाणी ज्या कारणाने वाहत होते त्याच कारणाने आमचे गुडघे सुखावले. भाऊ प्रत्येक उच्छ्वासाशी थांबून हात लावी. वाटेत पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलो. पानिपतानंतर १७६१ साली नानासाहेबांनी देह ठेवला तो याच टेकडीवर. शेवट गुरुवार पेठेत गोडीजी पार्श्वनाथांच्या दर्शनाने केला. रहदारी टाळायची असेल तर पहाट आणि रविवार दोन्ही साधले पाहिजेत. तलावाच्या आजच्या पाण्याविषयी मात्र न लिहिलेले बरे. जलपर्णी आणि सांडपाणी यांनी त्याची जी दशा केली आहे ती प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने पाहिली की कळते.

झाडीतली सपाट वाट हवी असणाऱ्यांनी तळजाईच्या वनात जावे. विद्यापीठाचे आवार वडीलधाऱ्यांना उत्तम. पाषाणचा तलाव हिवाळ्यात पक्ष्यांसाठी पाहावा. धावायला तेथे फारसे नाही.

खडकवासल्याचे वेगळे. ते धरण १८७९ मध्ये पुरे झाले. जलाशयाला उजवीकडे ठेवीत पानशेतकडे जाणारा रस्ता सकाळी सातच्या आत अतिशय रम्य असतो. समोर पाण्यापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा हिरवा परिसर, मागे सिंहगडाची भिंत. भाऊ तेथे यायला तयार नव्हता. कारण मला ठाऊक होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नारायण पेठेत आमच्या आजोबांचे कापडाचे दुकान होते. माल गेला. चोपड्या चिखलातून काढून त्यांनी गच्चीवर पान पान उलगडून वाळविल्या. शाई उतरून गेली होती. कोणाकडे किती येणे आहे हे वाचता येत नव्हते. आई सांगे की बहुतेक गिऱ्हाइकांनी आपणहून येऊन आकडा सांगितला आणि आजोबांनी तोच लिहून घेतला. त्यानंतर मात्र खडकवासल्याचे नाव निघाले की ते उठून जात. आमच्या घरची सहल त्या बाजूला कधी गेली नाही.

अखेर गेल्या मार्चमध्ये भाऊ आला. धरणाच्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "एवढीशीच आहे की." मग आम्ही पानशेतच्या रस्त्याने तीन किलोमीटर जाऊन परत आलो. आयुष्यात प्रथमच तो न थांबता तीन किलोमीटर धावला होता. परतताना मात्र चालला.

पावसाळ्याविषयी वाचक विचारतील. सह्याद्रीचे सौंदर्य त्या चार महिन्यांत ओसंडून वाहते आणि आपला चातुर्मास नेमका तेव्हाच. जमिनीवर गवत आणि सूक्ष्म जीव उगवलेले असतात. त्यांना तुडवीत धावणे मनाला पटत नाही. आम्ही त्या काळात टेकड्या सोडून डांबरी रस्त्यावर येतो. ओल्या कातळावर घसरून पाय मोडणाऱ्यांच्या बातम्या वाचल्या की हा नियम शरीरालाही मानवतो असे दिसते.

शेवटची वाट लांबची आहे. लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरावे. भाजे गावातून, लेण्यांच्या पायथ्यावरून, लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीत चढावे आणि पुढे लोहगडवाडी गाठावी. दक्षिणेला पवनेचा जलाशय पसरलेला. लोहगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे गर्दी वाढली आहे. पण आम्ही गडासाठी गेलो नव्हतो. लोहगडवाडीवरील कड्यातल्या एका लेण्यात २०१९ साली एक ब्राह्मी लेख अभ्यासकांच्या नजरेस आला. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो प्राकृत लेख अरिहंतांना नमस्कार करून सुरू होतो, आणि कोणी इंद्ररक्षिताने पाण्याचे टाके आणि दगडी बाके करविल्याची नोंद त्यात आहे. कामशेतजवळ पाले येथील लेण्यात असाच लेख डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि शोभना गोखले यांनी पूर्वीच वाचला होता. त्यातही लेणे आणि पाण्याचे टाके.

गुडघ्यांचा विचार करून आम्ही लेण्याच्या कड्यावर चढलो नाही. तेथली वाट अवघड आहे. माहीतगाराशिवाय कोणी जाऊ नये. एप्रिलची सकाळ होती. आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम केला होता, त्यामुळे उजाडतानाच वाडीत पोहोचलो. साखर तपासून झाली होती. आकडा चांगला होता. भाऊ कड्याकडे तोंड करून एका दगडावर बसला. उकळलेल्या पाण्याची बाटली शेजारी, झाकण लावलेली. त्याने घड्याळ पाहिले. अजून सात मिनिटे होती.

"दादा, टाके वर कोठे असेल?" त्याने विचारले. मी बोटाने अंदाजे दाखविले. मग दोघेही गप्प बसलो. वेळ झाल्यावर त्याने मूठ वाळून नवकार म्हटला, झाकण उघडले आणि पहिला घोट घेण्याआधी बाटली माझ्यापुढे केली.